राहिलेलं सामान

“मागं बघा, काई राहिलं का?”

हे म्हणताना मास्तर उजव्या हाताचा अंगठा खांद्यावरून मागे दाखवत. चहाच्या टपरीवरून उठताना म्हणत, लग्नाच्या मांडवातून निघताना म्हणत, दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणत. एकदा तर स्मशानातून परतताना म्हणाले. चार जणांनी वळून रागाने पाहिलं, आणि तेवढ्यात मयताच्या मेव्हण्याला आठवलं की आपला चष्मा तिथल्या ओट्यावरच राहिलाय. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. नोकरी सुटते, सवय सुटत नाही.

ते एसटीत कंडक्टर होते. लातूर ते निलंगा, निलंगा ते लातूर, यातच त्यांची बहुतेक नोकरी गेली. शेवटच्या थांब्यावर गाडी लागली की उतरणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य ऐकवायचं आणि मग रिकाम्या गाडीत एकेका शिटाखाली वाकून बघायचं, हा त्यांचा नेम. निवृत्तीनंतर ते आमच्या कॉलनीतल्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळात आले. आमच्या भागात कंडक्टरला मास्तर म्हणतात, म्हणून मंडळातही ते मास्तरच राहिले. मी एकतीस वर्षं कॉलेजात भूगोल शिकवला, मला सगळे सर म्हणतात. ज्यांनी जन्मात खडू हातात धरला नाही ते मास्तर, याचं मला सुरुवातीला थोडं वाईट वाटे. माणूस म्हातारा झाला तरी असल्या बारीकसारीक गोष्टींवरून रुसतो.

त्यांच्याविषयी लिहायचं मी टाळत आलो. त्यांच्याविषयी खरं लिहायचं तर माझ्याविषयीही खरं लिहावं लागेल, आणि त्याची मला फारशी सवय नाही.

त्यांची दुसरी सवय मोजण्याची. गाडी हलण्याआधी ते पुढून मागे जात, शिटांवरून बोट फिरवत डोकी मोजत. डोकी आणि तिकिटं जुळली की डबल बेल. मंडळ बालाघाटच्या डोंगरात चढायला जाऊ लागलं, औशाचा किल्ला झाला, पुढे सह्याद्री झाला, एकदा हिमालयही झाला, तेव्हा मोजणीचं काम कोणी न सांगता त्यांच्याकडे गेलं. गळ्यात त्यांची जुनी शिट्टी असे, गाडी मागे घेताना खाली उतरून वाजवायची ती. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. ते मोजत, “पूर्ण,” म्हणत, दोन शिट्ट्या वाजवत, आणि मग आमच्यापैकी कोणी मागे वळून बघत नसे. आमच्यातले शेठ डाळमिलवाले. त्यांचा स्वतःच्या मुनीमावर विश्वास नव्हता, पण मास्तरांच्या मोजणीवर होता.

एक छत्रीची गोष्ट आधी सांगतो, पुढे लागणार आहे.

ते नोकरीत असताना एकदा माझी छत्री त्यांच्या गाडीत राहिली. छत्री माझी आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचं घर माझ्या घरापासून चार दारं सोडून. तरीही त्यांनी ती डेपोत जमा केली आणि संध्याकाळी फाटकातूनच सांगितलं, “सर, छत्री डेपोत हाय. वळख सांगा, सही करा आन् घेऊन या.” मी डेपोत गेलो. तिथल्या माणसाने मला रंग विचारला, दांडा कसला विचारला, कोणत्या शिटावर राहिली ते विचारलं. एका कागदावर सही घेतली. कागद ठेवून घेतला आणि छत्री दिली. मी तडक मास्तरांच्या दारात जाऊन भांडलो. “अहो, चार दारं सोडून राहतो आपण. घरी आणून दिली असती तर काय बिघडलं असतं?”

ते हसले. म्हणाले, “सर, ज्याचं हाय त्यानं यावं आन् मागावं. आपून घरी नेऊन दिलं की माणसाला वाटतंय, राहिलंच नव्हतं.”

मला ते एसटीचं कारकुनी डोकं वाटलं. मी घरी येऊन बायकोला तसं सांगितलंही.

आता अँडीज. हा वेडेपणा माझा. एकतीस वर्षं मी नकाशावर छडी फिरवून ती पर्वतरांग मुलांना दाखवली होती. पेरू हे नाव घेतलं की वर्गात हमखास खसखस पिकायची, ती मी दरवर्षी ऐकली. निवृत्त झाल्यावर वाटलं, छडीने दाखवलं ते एकदा पायाने बघावं. मंडळात मी हा विषय काढला तेव्हा आधी सगळे हसले, आणि नंतर, आमच्याकडे होतं तसं, हसणारेच आधी तयार झाले. नांदेडच्या एक डॉक्टर मॅडम मंडळाच्या मोठ्या चढायांना येत, त्या तयार झाल्या. शेठ झाले. मास्तर धरून असे अकरा जण. मास्तरांची मुलगी परदेशात नर्स आहे. ती त्यांना म्हणाली, “बाबा, जन्मभर दुसऱ्यांना पोचवलंत, आता तुम्ही कुठंतरी जा.” त्यांनी मला येऊन विचारलं, “सर, मुक्कामाला काय हाय तिथं?” मी म्हटलं, एक गाव आहे, पाच दिवस चालल्यावर येतं, त्याच्यापुढे जीपचा रस्ता. ते म्हणाले, “शेवटी गाव हाय ना? मग जमतंय.”

कुस्को नावाच्या शहरातून आम्ही निघालो. पुढे एक स्थानिक गाईड, चांगलं इंग्रजी बोलणारा. मध्ये आम्ही. आणि सगळ्यात मागे, दोन खेचरांवर आमचं सामान लादून, एक बाई. वय पंचावन्नच्या पुढे, डोक्याला हॅट, दोन वेण्या, पाठीला रंगीत वस्त्राची झोळी. आम्ही जिथे शेवटी पोचणार होतो ते गाव तिचंच. तिचं नाव फेलिसा. मास्तर पहिल्याच दिवशी तिला अक्का म्हणू लागले. निलंग्याकडे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, तो कानडीचा शेजार. बाई ‘अक्का’ला ओ देऊ लागली आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्यासाठी ती अक्काच झाली.

ती चालता चालता हातातल्या चातीवर लोकर कातत असे. आम्ही धापा टाकत असू आणि हिच्या हातात सूत निघत असे. मास्तर खूष झाले. “आमच्याकडं धनगर बी असंच चालता चालता काततात, सर. ही आपलीच हाय.” ते तिला कडक ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी देत. ती त्यांना झोळीतून उकडलेले छोटे छोटे बटाटे देई. ते मराठी बोलत, ती तिची भाषा बोले, आणि दोघांचं उत्तम चाले. मी मात्र गाईडला इंग्रजीत भूगोल समजावून सांगण्यात गुंतलो होतो. तो बिचारा ऐकून घेई.

माझ्याकडे एक स्टीलचा थर्मास होता. निवृत्तीच्या वेळी विद्यार्थ्यांनी दिलेला, त्यावर माझं नाव कोरलेलं. त्यातला चहा मी रोज थांब्यावर सगळ्यांना झाकण झाकण वाटत असे. सांगायचा मुद्दा, त्या थर्मासची सगळ्यांना ओळख होती.

पाचव्या दिवशी खिंड होती. साडेचार हजार मीटरवर. सकाळपासून माझं काही धड होत नव्हतं. एकदा काठी मुक्कामावर विसरली म्हणून सगळे थांबले. एकदा बुटाची नाडी सुटली म्हणून थांबले. कोणीतरी मागून म्हणालं, “सरांसाठी वेगळी गाडी सोडा.” हशा झाला. मीही हसलो, पण ते मला लागलं.

खिंडीत दगडांचा एक मोठा ढीग होता. येणाऱ्या जाणाऱ्याने त्यावर एक दगड ठेवायचा, अशी तिथली रीत. अक्काने ठेवला, मास्तरांनी ठेवला आणि हातही जोडले. आम्ही फोटो काढले, चहा झाला. तेवढ्यात शेठ खाली बसले. रात्रीपासून त्यांना उलट्या होत होत्या, आता ओठ निळे दिसायला लागले होते. मॅडम म्हणाल्या, यांना ताबडतोब खाली न्यायला हवं. गाईड आणि मॅडम शेठना दोन्हीकडून धरून पुढे निघाले. जाताना गाईडने मास्तरांना खुणेने सांगितलं, हे बाकीचे तुमच्याकडे, वाट एकच आहे, सगळ्यांना घेऊन खाली या. मास्तरांनी शिट्टीला हात लावला.

आम्ही वीसेक मिनिटं उतरलो असू. एका कड्याच्या आडोशाला सगळे दम खात थांबले, तेव्हा मी पिशवीत हात घातला आणि थर्मास नव्हता. तो वर दगडांच्या ढिगावर राहिला होता.

माझ्या मागे अक्का एकटीच होती. बाकीचे पुढे, पाठमोरे. मी तिला हाताने थर्मासचा आकार दाखवला, वर बोट दाखवलं, जीव गेल्यासारखा चेहरा केला. ती हसली. तिने दोन्ही खेचरांच्या पुठ्ठ्यावर थाप मारली, ती आपोआप खाली चालू लागली, त्यांना घरची वाट ठाऊक होती. आणि ती वळून वर गेली. हातातली चाती फिरतच होती.

पाच मिनिटांत आभाळ काळं झालं आणि गारा सुरू झाल्या. आपल्याकडे हरभऱ्यावर पडतात तशा, पण थांबेचनात. त्यामागून धुकं आलं. सगळे ओरडायला लागले, चला, चला, खाली चला. मास्तर कड्याला पाठ लावून उभे राहिले आणि त्यांनी बोट फिरवायला सुरुवात केली. “आठ. पूर्ण.” शिट्टी तोंडाशी नेली, मग थांबले, आणि अंगठा खांद्यावरून मागे दाखवत ओरडले, “मागं बघा, काई राहिलं का?”

सगळ्यांनी काठ्या, टोप्या, पिशव्या चाचपल्या. त्यांची नजर एकेकावरून फिरत माझ्यावर आली. मी शेवटचा होतो.

मला पाच शब्द बोलायचे होते. मास्तर, थांबा, अक्का वर गेलीय. एवढेच. पण ते बोललो असतो तर आठ माणसं गारांत माझ्याकडे बघत उभी राहिली असती. का गेलीय? सरांच्या थर्माससाठी. मला ती सकाळची गाडी आठवली. आणि मी मनाशी म्हटलं, ती इथलीच आहे, तिला काय होतंय, आपल्या आधी पोचेल.

“काही नाही,” मी म्हणालो.

दोन शिट्ट्या वाजल्या.

आम्ही दीडच्या सुमाराला गावात पोचलो. तोवर ऊन पडलं होतं. दगडमातीची वीस-पंचवीस घरं, अंगणात कणसं टांगलेली. खेचरं आमच्या आधी पोचून एका दाराशी उभी होती आणि अक्काची मुलगी त्यांच्या पाठीवरचं सामान सोडत होती. तिने आमच्याकडे पाहिलं. मग आमच्या मागे पाहिलं. मग परत आमच्याकडे. हातातली दोरी तिने सोडली नाही, पण सोडवायचीही थांबली.

मास्तर किल्लारीजवळच्या गावचे. भूकंपाच्या दिवशी ते गाडी घेऊन आपल्या गावाच्या वाटेवर जिथपर्यंत जाता आलं तिथपर्यंत गेले होते. गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येक माणसाकडे, आणि मग त्याच्या मागे, बघणाऱ्या बाया त्यांनी त्या दिवशी पाहिल्या होत्या. हे त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं. त्या मुलीचं बघणं त्यांनी आमच्या सगळ्यांच्या आधी ओळखलं.

गाईड एका घरातून बाहेर आला आणि विचारू लागला, फेलिसा कुठे? मास्तरांनी बोट उचललं, आमच्यावरून फिरवलं, आणि अर्ध्यात खाली आणलं.

“मी शिटांवरची मोजली,” ते म्हणाले. कोणालाच उद्देशून नाही. “गाडीत ड्रायवर-कंडक्टर मोजत न्हाईत. मी अक्काला त्यांच्यात धरलं.”

ते मटकन खाली बसले. मी तोंड उघडलं होतं. पण गाईड अक्काच्या जावयाला हाका मारत होता, बाया बोलत होत्या, कोणी दोर आणत होतं, कोणी घोंगडी. त्या गडबडीत सांगून आता काय उपयोग, असं मी स्वतःला समजावलं. स्वतःला समजावण्यात मी आधीपासून हुशार आहे.

गाईड आणि जावई वर निघाले, तेव्हा मास्तर उठले आणि त्या दोघांच्या मागे चालू लागले. मॅडम आडव्या आल्या. “मास्तर, वय काय तुमचं? आत्ताच एवढं उतरून आलात. तुम्ही वर गेलात तर मला दोन पेशंट होतील.”

“मॅडम, एक सवारी राहिली माझी.”

“तुम्हाला चालवणार नाही हो.”

“हाव. बघतो,” म्हणाले आणि गेले.

मी गेलो नाही. अक्काच्याच घरात चुलीपाशी बसलो. तिच्या म्हाताऱ्या आईने आम्हाला वाडग्यातून बटाट्याचं गरम कालवण दिलं. मी ते प्यायलो. सगळं प्यायलो. हे लिहायला हवं म्हणून लिहितोय.

दिवेलागणीला ते आले. जावयाने अक्काला घोंगडीत बांधून पाठीवर घेतलं होतं. गारांनी निसरड्या झालेल्या दगडांवरून ती घसरली होती, डाव्या पायाचं हाड घोट्याच्या वर मोडलं होतं. चार तास ती तिथे पडून होती. तिच्या अंगात मास्तरांचं जाकीट होतं. मास्तर नुसत्या स्वेटरवर, छातीपाशी एक हात घट्ट धरून, सगळ्यांच्या मागून आले. मला वाटलं त्यांना छातीत दुखतंय. मॅडमनाही तसंच वाटलं, त्या आधी त्यांच्याकडेच धावल्या. त्यांनी मान हलवली. “मला काई न्हाई. अक्काला बघा.”

मॅडमनी फळ्या लावून पाय बांधला. मुलगी आईचा हात धरून बसली होती. मास्तर तिच्यासमोर उभे राहिले आणि गाईडला म्हणाले, सांग तिला, मोजणी माझी होती. मॅडमनी ते इंग्रजीत केलं, गाईडने तिच्या भाषेत सांगितलं. मुलीने आईच्या अंगावरचं जाकीट सारखं केलं. मग हळूच काहीतरी म्हणाली. मी विचारलं, काय म्हणते? गाईड म्हणाला, “ती विचारते, एवढ्या माणसांत एकानेही मागे बघितलं नाही का?”

मास्तरांनी हात जोडले. मी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

त्या रात्री आम्हाला सगळ्यांना घरात जागा दिली होती. मास्तर अंगणात झोपले, दगडमातीच्या भिंतींत ते भूकंपापासून झोपत नसत. सकाळी जीप आली. निघताना मॅडम म्हणाल्या, “सर, तुमचा थर्मास दिसत नाही कुठं?” मी म्हटलं, “गारांत पडला असेल कुठंतरी.” मास्तर जीपच्या दाराशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीसारखं, पण फक्त मला, म्हणाले, “सर, मागं बघा, काई राहिलं का?”

“काही नाही,” मी दुसऱ्यांदा म्हणालो.

लातुरात परत आल्यावर शेठ बरे झाले आणि गोष्टी सांगायला मोकळे झाले. “आमच्या मास्तरांनी जन्मभर तिकिटं फाडली, आन् अखेरीला एक सवारीच इसरले!” बारशात सांगत, साखरपुड्यात सांगत. लोक हसत. मास्तर समोर असले तर तेही हसत. एकदा शेठ सांगत असताना मीही हसलो, आणि हसता हसता मास्तरांची नजर माझ्यावर आहे हे मला दिसलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. डेपोच्या खिडकीतला माणूस रांगेतल्या माणसाकडे बघतो, तसे ते बघत होते. कधी पुढे येतोय याची वाट पाहत.

मोजणं त्यांनी सोडलं. शिट्टी गळ्यातून गेली. सकाळी फिरताना ते सगळ्यांच्या मागे चालू लागले. पूर्वी चौकात पांगताना ते वाक्य सगळ्यांना मिळायचं, आता फक्त मला मिळू लागलं. मला त्याची इतकी धास्ती बसली की मी चौकाच्या आधीच दुधाचं निमित्त करून वळू लागलो. गाईडचा मॅडमना निरोप आला होता, फेलिसा काठी घेऊन घरात चालते, खिंडीकडे आता जात नाही, खेचरं विकली. मॅडमनी तो सगळ्यांना वाचून दाखवला. मास्तर ऐकून घेऊन म्हणाले, “काततीया का?” ते निरोपात नव्हतं.

सव्वा वर्ष असं गेलं. रोज सकाळी मला सांगता आलं असतं. चारशे वगैरे सकाळी होतात, मोजायची ताकद माझ्यात नाही. मग थंडीत त्यांना दम लागायला लागला, फिरणं बंद झालं. मी भेटायला गेलो नाही. उद्या जाऊ म्हणत राहिलो. पौषात ते गेले.

अंत्यविधीला गर्दीत उभा राहिलो आणि परत आलो. तिथे निलंग्याहून त्यांचे जुने ड्रायव्हर आले होते, ज्यांना ते चाचा म्हणत. बावीस वर्षं दोघं एका गाडीवर. चाचा माझ्याजवळ येऊन म्हणाले, “पहाडाहून आल्यावर आला होता मेरे घर. बैठते ही रोया. बोला, चाचा, बावीस साल मैं तुमकू एक दिन भी गिना नहीं. मैं बोला, अरे पागल, मैं तो स्टेरिंग पे था, मेरेकू क्या गिनता? तो भी रोतेच रहा.” चाचांनी डोळे पुसले. “क्या हुआ था सर, वहाँ?”

मी म्हटलं, “माहीत नाही.” हे तिसऱ्यांदा.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. काय सांगायला गेलो ते ठरलं नव्हतं. पण पाय गेले. वहिनी एकट्याच होत्या, गहू निवडत होत्या. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. भांडं खाली ठेवून मी म्हणालो, “वहिनी, माझी एक वस्तू मास्तरांकडे असेल.”

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. “आले बगा तुमी,” म्हणाल्या. “ते म्हणले व्हते, कोणीतरी येईल मागायला. मी म्हणलं, कोणाचं हाय ते दिसतंय की त्याच्यावर, नेऊन द्या. तर म्हणले, न्हाई. त्या गाईडनं इचारलं व्हतं, कोणाचं हाय. त्याला बी हेच सांगितलं म्हणले, मालक येईल. शेवटी बोलता येत नव्हतं तरी दार वाजलं की बघायचे.”

आतल्या कपाटातून त्यांनी थर्मास आणला. डाव्या बाजूला खोल पोचा आला होता. मानेला सुतळीने एक चिठ्ठी बांधलेली. मी हात पुढे केला. वहिनींनी थर्मास आपल्या मांडीवर ठेवून घेतला.

“आदी वळख सांगायची असतीया, सर. ते तसं सांगून गेलेत.”

“स्टीलचा,” मी म्हणालो. “झाकण काळं. माझं नाव कोरलंय.”

“कुठं राहिला व्हता?”

बाहेर कोणाची तरी रिक्षा थांबली आणि गेली. वहिनी वाट पाहत होत्या. त्यांना घाई नव्हती.

“खिंडीत,” मी म्हणालो. “दगडांच्या ढिगावर. मी अक्काला परत पाठवलं होतं आणायला. मास्तरांनी विचारलं तेव्हा मी काही नाही म्हणालो. मोजणी त्यांची चुकली असेल, पण ती वर गेलीय हे मला ठाऊक होतं. फक्त मला.”

वहिनींनी थर्मास मांडीवर सरळ केला. त्यांनी सुतळीची गाठ सोडली आणि चिठ्ठी माझ्यापुढे धरली. मास्तर तिकिटामागे राहिलेले सुट्टे लिहून देत, तसलं तिरकं अक्षर. वस्तू, थर्मास एक. कुठे मिळाला, अक्काच्या झोळीत. खाली, मालकाची सही, आणि पुढे मोकळी जागा. खुंटीला त्यांचा खाकी सदरा अजून तसाच होता. त्याच्या खिशातलं पेन काढून वहिनींनी मला दिलं.

मी सही केली.

“कागद हितं राहतो,” त्या म्हणाल्या आणि चिठ्ठी घडी करून देवाच्या फळीवर, शिट्टीशेजारी ठेवली. मग थर्मास दिला.

मी उठलो. शेठना सांगायचं होतं, मॅडमना सांगायचं होतं, आणि तिथे दूर त्या मुलीलाही, गाईडमार्फत. फाटकाशी आलो आणि सवयीने थांबलो, मागे वळलो. दार उघडं होतं, वहिनी परत गहू निवडत होत्या. विचारणारं कोणी नव्हतं.